ज्या दिवशी बाईंनी स्वतः कापड दाखवलं

३ मार्च

धाकटे,

ताई गेली. नऊ फेब्रुवारीला, दुपारी पावणेतीनला, हॉस्पिटलात. मी खिडकीशी उभा राहून तिच्यासाठी संत्रं सोलत होतो. मागं वळून बघितलं तर सगळं आटोपलं होतं. फार त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. अडतीस वर्षांच्या संसारात ती मला न सांगता कुठं गेली असेल तर एवढ्या एकाच वेळी.

तुला कळवायला तीन आठवडे लागले. पत्ता मिळायला वेळ गेला. दुकानाचा गाडीवाला मागच्या वर्षी तुझ्या गावी माल पोचवायला आला होता, तेव्हा त्यानं शिवणकामाच्या दुकानावर तुझी पाटी वाचली. आत डोकावला तर तू कात्री घेऊन उभी. त्याला म्हणालीस, "काय हवंय?" ओळख दाखवली नाहीस म्हणे. ताईसमोर तुझं नाव काढायची कुणाची छाती नव्हती, म्हणून तो वर्षभर गप्प बसला आणि ती गेल्यावर माझ्याजवळ बोलला. त्यानं तुझा फोन नंबरही दिलाय. पण फोन केला तर तू ठेवून देशील. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

आता कामाचं. अठरा तारखेला, रविवारी सकाळी दहा वाजता, ताईसाठी सगळे तिनं आयुष्य काढलं त्या दुकानात जमणार आहेत. म्हाताऱ्या मालकांच्या पाठीमागं आता त्यांची मुलगी सगळं बघते. मालकीणबाईंनी स्वतः घरी येऊन सांगितलं, दोन तास दुकान बंद ठेवणार. रविवारी सकाळी दुकान बंद, हे म्हातारे मालक गेले तेव्हासुद्धा झालं नव्हतं. बोलणार कोण ते मी ठरवायचं आहे. मी एकच नाव दिलंय, तुझं.

तू आलीच पाहिजेस. का, ते एका पत्रात सांगायचा माझ्यात दम नाही. थोडं थोडं सांगतो. तू फक्त वाच.

भाऊजी


६ मार्च

धाकटे,

उत्तर नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन गेटाशी आला की मी उगाच झाडांना पाणी घालायला बाहेर जातो. झाडं सडतील आता.

परवा मालकीणबाई म्हणाल्या, बाईंबद्दल चार ओळी लिहून द्या, फोटोखाली लावायच्या आहेत. मी बसलो लिहायला. जन्म केव्हा, नोकरी केव्हा, मॅनेजर केव्हा, निवृत्त केव्हा. वाचून बघितलं तर औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाटली. फाडून टाकलं. मला लिहिता येत नाही, मी आयुष्यभर कवळ्या केल्या. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे, मी दात बसवायचो. या गावात निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात, ही माझी सगळी कर्तबगारी. कर्तबगार होती ती.

विसाव्या वर्षी बटणांच्या काउंटरला लागली. तिथं तिच्या शेजारी तेव्हाच्या मॅनेजरचा पुतण्या होता. तो दिवसभर नखं कापायचा आणि त्याचं काम ही करायची. चार वर्षं केलं. त्याची बढती झाली, हिची नाही. ते तिच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. वीस वर्षांनी स्वतः मॅनेजर झाली त्या दिवशी तिनं पंचेचाळीस माणसांना समोर उभं केलं आणि सांगितलं, "दाराच्या आत मला कुणी नातेवाईक नाही. दाराबाहेर या, पाहिजे तर कडेवर घेईन."

तेव्हा तू पहिल्या रांगेत उभी होतीस आणि फिसकन हसलीस, असं तीच सांगायची. पुढं ते हसण्यावारी राहिलं नाही. घरी तू धाकटी, दुकानात तू 'पडदे विभागातल्या बाई'. सकाळी तुझी वेणी घालून देणारी बहीण दुकानाच्या उंबऱ्याच्या आत गेली की तुला "अहो" म्हणायची. मला तरी कुठं सोडलं होतं? एकदा एका लग्नाला जायचं होतं आणि ऐन वेळी माझा शर्ट फाटला. पळत दुकानात गेलो. समोर माझी बायको उभी. मी म्हटलं, अगं, पटकन एक शर्ट दे. तर हात मागं बांधून म्हणते, "नमस्कार साहेब. शर्ट पहिल्या मजल्यावर. रांग तिकडून आहे." माझ्यापुढं सहा माणसं. लग्न लागून गेल्यावर आम्ही पोचलो. रस्त्यात मी सारखा घड्याळ बघत होतो आणि ही पदरात तोंड लपवून हसत होती.

आणि ते समोरचं मोठं दुकान. सहा मजली, सरकते जिने. तू तेव्हा होतीस, पण घरातली बाजू तुला माहीत नाही. लोक म्हणायला लागले, आता बाईंचा बाजार उठला. मालकांनी हाय खाल्ली होती. ताई एक अख्खा रविवार भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी दोनदा चहा नेला, दोनदा परत आणला. सोमवारी तिची सुट्टी होती. सकाळीच म्हणाली, "अहो, उठा, खरेदीला जाऊ." मला त्या सहा मजल्यांवरून चार तास फिरवलं. काही घेतलं नाही. एक झगा मात्र सात वेळा अंगाला लावून बघितला. बाहेर आलो तेव्हा माझे पाय माझे राहिले नव्हते आणि ही लहान पोरीसारखी खूष. "अहो, लक्षात आलं का? यांच्याकडे बसायला एक खुर्ची नाही."

पुढच्याच महिन्यात तिनं दुकानात चाळीस खुर्च्या आणल्या. बंद पडलेल्या एका नाटकगृहातून, लाल गाद्यांच्या. त्या घासायला मला जुंपलं होतं, रोज संध्याकाळी चार. बायकांबरोबर आलेले नवरे, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या, कडेवर पोर असलेल्या आया, सगळे बसायला लागले. आणि बसलेलं माणूस समोर ठेवलेलं बघतंच. दोन वर्षं चार महिन्यांनी समोरचं शटर पडलं ते पडलंच. त्या संध्याकाळी ताई घरी येऊन फक्त एवढंच म्हणाली, "आज वांगी जरा तिखट करा, तोंडाला चव आली आहे."

अशी बाई. तिच्याबद्दल तू बोलायचं नाहीस तर कुणी बोलायचं?

भाऊजी


१० मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. मी ते गेटाशीच उभ्यानं वाचलं. पोस्टमन समोर थांबून राहिला, काही वाईट बातमी आहे का म्हणून. मी म्हटलं, नाही, मेहुणीचं पत्र आहे.

तू लिहितेस: "ताई गेल्याचं वाचलं. मी येणार नाही. शेवटची भेटले तेव्हा तिनं मला 'नमस्कार, काय दाखवू' असं विचारलं होतं. त्यापुढं बोलण्यासारखं काही राहिलं नाही. पत्रं पाठवू नका."

पाठवतो. मला हात जोडून सांगितलंस तरी पाठवीन, कारण तुझ्या या चार ओळींत अकरा वर्षांची चूक आहे आणि ती तुझ्या एकटीची नाही.

आधी जुनं मिटवून घेऊ. चौदा वर्षांपूर्वी पडदे विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली. ती तुझी होती. तुझ्याइतकं कापड ओळखणारं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं, खुद्द ताई धरून. तरी तिनं ती जागा तुमच्याच विभागातल्या त्या बुटक्याला दिली. तू त्याच दिवशी कात्री टेबलावर ठेवून निघून गेलीस. तेव्हा घरात मी तिला धारेवर धरलं होतं, हे तुला माहीत नसेल. मी म्हटलं, लोक काय म्हणतील या भीतीनं तू पोरीचा हक्क मारलास. ती म्हणाली, "मला तो नखं कापणारा पुतण्या दिसतो हो. जागेवर धाकटीचं नाव लिहायला गेले की तोच दिसतो." मी म्हटलं, धाकटी नखं कापते का? सहा महिन्यांनी स्वतःहून म्हणाली, "मी चुकले." पण तोवर तू गाव सोडलं होतंस, आणि तू कुठं आहेस ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता तो दिवस. तू गेल्याला तीन वर्षं झाली होती. मंगळवार होता. तू दुकानात आलीस, पडद्याचं कापड बघायला. ताई समोर आली आणि म्हणाली, "नमस्कार, काय दाखवू?" तुला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. लागणारच. पण तू याच घरात वाढलेली पोर, जरा आठव. दाराच्या आत तिनं दुसरं काय म्हणायचं होतं? आणि 'काय दाखवू' हे तिनं का म्हणावं? ती मॅनेजर होती. मॅनेजर झाल्यापासून तेरा वर्षं तिनं एकाही गिऱ्हाइकाला स्वतः माल दाखवला नव्हता. मंत्री आले तेव्हासुद्धा तिनं बुटक्याला पुढं केलं होतं.

तिनं तुझ्यासाठी सव्वीस तागे काढले. स्वतः, शिडीवर चढून. पन्नाशी ओलांडलेलं ते शरीर, सांधे आधीच कुरकुरत होते. सगळ्या मजल्यावरची माणसं कामं थांबवून बघत होती, हे मला बुटक्यानं नंतर सांगितलं. त्याचे शब्द, "बाई एकेक तागा असा उलगडत होत्या, आम्हाला वाटलं आज कोण पाहुण्या आल्यात." तू सुती, फिक्या रंगाचं, बारीक रेघेचं घेतलंस. तिनं ते दोनदा मोजलं, स्वतः कापलं, स्वतः बांधलं. नातं दाखवायची जेवढी म्हणून मुभा तिनं स्वतःला दाराच्या आत ठेवली होती, तेवढी सगळी तिनं त्या तासाभरात वापरली. तू म्हणतेस तिनं ओळख दाखवली नाही. अगं, अख्ख्या दुकानाला कळलं, तुलाच कळलं नाही.

घरी आली ती चप्पल खोलीच्या मधोमध टाकून. आयुष्यात कुठली वस्तू मधोमध न टाकणारी बाई. "अहो, ती आली होती. मी दाखवलं तिला." एवढंच दोन-तीनदा. मग तिघांचा स्वयंपाक केला. दुकानाच्या बाहेर तू परत धाकटी होतीस ना, म्हणजे तू घरी येणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. धुतलेला टॉवेल काढला. मला दोनदा पाठवलं, बेल वाजते की नाही बघून या. मी दोनदा बघून आलो. वाजत होती.

नऊ वाजता तिनं तिसरं ताट उचलून ठेवलं. म्हणाली, "तिला कापडच हवं होतं." त्यानंतर तुझं नाव या घरात निघालं नाही.

तू वाट बघत होतीस, ती वाट बघत होती. दोघी एकीहून एक शहाण्या.

भाऊजी


१३ मार्च

धाकटे,

हे पत्र मी आज तिसऱ्यांदा लिहायला घेतोय. आधीची दोन चुलीत गेली असती, पण घरात गॅस आहे, म्हणून कचऱ्यात गेली.

पत्ता मिळायला वेळ गेला असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. खोटं. गाडीवाल्यानं मला तो दहा फेब्रुवारीला, ताईला पोचवून परत येतानाच दिला. तीन आठवडे तो माझ्या शर्टाच्या खिशात होता. शर्ट धुवायला टाकला की मी दुसऱ्या शर्टाच्या खिशात घालायचो.

मी घाबरलो होतो, आणि कशाला ते आता सांगतो.

त्या मंगळवारी संध्याकाळी पावणेसातला मी नेहमीसारखा ताईला आणायला निघालो. पुढच्या रस्त्यानं आलो. समोरच्या बसथांब्याच्या बाकावर तू बसली होतीस. मांडीवर कापडाचं पुडकं. तू मला बघितलं नाहीस, तुझे डोळे दुकानाच्या दारावर होते. तुझ्या वेळी मॅनेजर पुढच्या दारानं निघायची. नवीन शटर बसल्यापासून ती मागच्या दारानं निघायला लागली होती, हे तुला कुठून माहीत असणार? मला माहीत होतं. मला नीट कळलं की तू ताई बाहेर पडायची वाट बघतेस, म्हणजे दाराबाहेर तिला भेटायला. मी तिथं दहा पावलांवर उभा होतो. हाक मारली असती तर अकरा वर्षं वाचली असती.

मी हाक मारली नाही. गल्लीतून वळसा घालून मागच्या दाराशी गेलो, ताईला घेतलं आणि मागच्याच रस्त्यानं घरी आणलं. तिनं बेल बघायला सांगितली, मी बघितली. दोनदा. तू तिथं बाकावर आहेस हे ठाऊक असताना.

का केलं? राग होता. तू गेलीस त्या वर्षी ताईचं वजन अकरा किलो उतरलं. जेवणाच्या ताटावर बसून ती हुंदके द्यायची आणि मी बघत बसायचो. मी मनाशी म्हटलं, ही पोर पुन्हा येईल, पुन्हा जाईल, आणि मला पुन्हा ते बघावं लागेल. एक दिवस थांबू दे तिला, कळू दे. उद्या शोधून आणू. दुसऱ्या दिवशी मी बसथांब्यावर गेलो, तू नव्हतीस. मग आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगणंच अवघड झालं. काय सांगणार होतो, की तू वाट बघत होतीस आणि मी तिला ताकास तूर लागू दिली नाही? मी भित्रा माणूस आहे, धाकटे. बोलतो खूप म्हणून लोकांना कळत नाही.

पण सांगितलं. सात फेब्रुवारीला, हॉस्पिटलात. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं की आता दिवस फार नाहीत. आत आलो आणि सगळं भडाभडा बोललो. बसथांबा, बाक, पुडकं, गल्ली.

तिनं तोंड फिरवलं. दुपारभर बोलली नाही. तिच्या उरलेल्या तीन दिवसांतली एक अख्खी दुपार माझ्यामुळं फुकट गेली, हेही तुला सांगून ठेवतो. संध्याकाळी नर्स सुई द्यायला आली, तर ही तिला म्हणते, "माझी बहीण माझ्यासाठी थांबली होती." नर्सला वाटलं, बाहेर कुणी थांबलंय. पडदा सारून बघून आली बिचारी. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, "कापड घेऊन गेली नाही ती, थांबली होती." मग राउंडला आलेल्या डॉक्टरला. ज्याला त्याला. तिचा चेहरा, धाकटे, समोरच्या दुकानाचं शटर पडलं त्या दिवशीसुद्धा तो असा नव्हता. मी रडत होतो आणि ती सगळ्या वॉर्डात जिंकल्यासारखी बघत होती.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तिला बोलवा. दुकानातच बोलवा, सगळ्यांसमोर. आणि बोलवायच्या आधी तिला सगळं सांगा, काही लपवायचं नाही." मी विचारलं, माझं काय? म्हणाली, "तुमच्याकडे मी नंतर बघते." ते बघायचं राहून गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी संत्रं सोलत होतो.

तेव्हा रविवारचा बेत माझा नाही, तिचा आहे. आता तुला सगळं माहीत आहे. मला माफ कर असं मी म्हणणार नाही, तेवढी लाज अजून शिल्लक आहे. माझ्यावर राग आहे म्हणून येणं नकोसं वाटलं, तर तू ये आणि मी येत नाही. तसं कळव. फक्त तू ये.

भाऊजी


२० मार्च

धाकटे,

तू शेजारच्या खोलीत आहेस आणि मी तुला पत्र लिहितोय. काय वेळ आली आहे बघ. पण परवापासून तू माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस. सवयीनं कागद पुढं ओढला.

रविवारचं काही तुला दिसलं नसेल, तू उशिरा आलीस. दहाला दुकान गच्च भरलं होतं. चाळीस खुर्च्या कधीच संपल्या, माणसं जिन्यावर, काउंटरवर, गोदामाच्या दारात. साडेदहा झाले. मालकीणबाई माझ्याकडे बघतात, मी दाराकडे बघतो. त्या शेवटच्या पत्रावर तुझं कार्डही आलं नव्हतं. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "काका, दुसऱ्या कुणाला बोलू दे?" मी मान डोलावली.

गाडीवाला बोलला. मग हॉस्पिटलातली मोठी नर्स उभी राहिली. तिनं सांगितलं, बाईंनी चौथ्या दिवशी आम्हाला ऐकवलं की चादरींची गाडी दाराशी ठेवा, तुमच्या पोरी दिवसातून शंभर फेऱ्या उगाच घालतात. "आम्ही ठेवली. अजून तिथंच आहे. त्या गेल्यावरसुद्धा आम्हाला कामाला लावून गेल्यात." लोक हसले. मग एक गोरा उंच म्हातारा उठला. कुणी ओळखलं नाही. म्हणाला, मी समोरच्या सहा मजल्यांचा मॅनेजर होतो. "बाईंनी मला पाणी पाजलं. आणि आमचं दुकान बंद पडलं त्या आठवड्यात माझी नऊ माणसं ठेवून घेतली. मला फोन करून विचारलं, यातलं चांगलं कोण ते खरं सांगा. मी खरं सांगितलं." त्या नऊ जणांतल्या तिघी तिथंच उभ्या होत्या. मला हे माहीत नव्हतं, धाकटे. बायकोबद्दलच्या गोष्टी मला परक्याकडून कळत होत्या, आणि माझी छाती फुगत होती.

आणि मग पुढचं दार ढकलून तू आत आलीस. प्रवासाची पिशवी खांद्याला, केस पांढरे. बुटक्यानं तुला सगळ्यांत आधी बघितलं आणि तो बाजूला झाला, मग त्याच्या बाजूचे, आणि तुझ्यासाठी मधून वाट मोकळी झाली. मी तिथं बसून सगळं बघत होतो.

तू काय बोललीस ते तुला आठवत असेल, पण लिहून ठेवतो, नंतर म्हणशील मी असं म्हणालेच नाही. "मी तिची बहीण. तिनं मला या दुकानात मोठं केलं नाही, म्हणून मी स्वतः मोठी झाले. माझ्याकडे अकरा जणी शिवायला आहेत. त्यांची प्रमुख माझी पुतणी आहे. ती माझी आहे म्हणून नाही आणि ती माझी नाही असं दाखवायलाही नाही, तिला काम येतं म्हणून. ताई इथं चुकली, मी तिथं सुधारलं. बाकी सगळं मी तिच्यासारखंच करते. गिऱ्हाइकाला स्वतः माल दाखवते, रोज, कारण एकदा मला कुणीतरी सव्वीस तागे दाखवले होते आणि ते काय होतं हे मला परवा, पत्रातून कळलं." मग माझ्याकडे बोट केलंस. "आणि हे माझे भाऊजी. यांच्याशी मी बोलत नाही. का, ते त्यांना विचारा."

तीनशे माणसांनी माझ्याकडे बघितलं. त्यांतल्या पन्नास-साठ जणांचे दात माझे. मी मान खाली घातली. बरं वाटलं, खरं सांगतो. इतकी वर्षं ते एकट्यानं वागवत होतो.

आणि त्यावर तू पिशवी उचलून माझ्या मागोमाग घरी आलीस. मला वाटलं, फोटोपुढं उभी राहून परत जाशील. तू कपाट उघडून स्वतःच टॉवेल घेतलास. दोन दिवस झाले. दूधवाल्याशी बोलतेस, शेजारणीशी अर्धा तास बोलतेस, मी चहा दिला की घेतेस आणि भिंतीकडे बघतेस. भाजीत मीठ जास्त झालं तर बरणी उचलून माझ्यासमोर आपटून ठेवतेस. अगदी ताईसारखी. काल रात्री जेवताना मला वाटलं, तिनं 'नंतर बघते' म्हटलं होतं ते काम ती तुझ्यावर सोपवून गेली की काय.

तर मला एवढंच लिहायचं होतं की तू बोलली नाहीस तरी चालेल. तू बस. पाहिजे तितके दिवस भिंतीकडे बघ. तू आलीस, सगळ्यांसमोर स्वतःला तिची बहीण म्हणालीस, तिथं ती जिंकली. माझा भाग मी सोसतो, त्याबद्दल माझी

आत्ता तू दारात आलीस. कंगवा हातात, केस मोकळे. कागदाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि म्हणालीस, "भाऊजी, लिहीत काय बसलात? ती त्या वॉर्डात कुणाकुणाला सांगत होती ते मला नीट सांगा. पहिल्यापासून. तोंडानं."

थांबतो.